पैसे भरून दर्यात

माणूस दर्यात जातो तो पैसे कमवायला. पैसे भरून दर्यात जाणारी माणसंही जगात असतात, हे अब्बांना पटवून देण्यात आमच्या घरचा अख्खा नोव्हेंबर गेला.

अब्बा 74 वर्षांचे आहेत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून त्यांनी चाळीस-बेचाळीस वर्षं दर्या केला. चौदाव्या वर्षी चूल सांभाळणारा पोऱ्या म्हणून होडीवर चढले, मग खलाशी झाले आणि शेवटची वीस वर्षं ट्रॉलरवर तांडेल होते. होडी कधी स्वतःची झाली नाही. तीन वर्षांपूर्वी अम्मी गेल्या आणि आम्ही त्यांना कोलशेतला आणलं. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. घर घेताना बिल्डरच्या पत्रकात 'खाडीचं दृश्य' छापलेलं होतं आणि ते खोटं नाही. बाल्कनीतून उल्हास नदीचं खाडी झालेलं पाणी दिसतं, पलीकडे काल्हेरची गोदामं दिसतात. अब्बांनी पहिल्या दिवशी ते पाणी बघितलं आणि विचारलं, "ह्यात होड्या का दिसत नाहीत?"

उत्तर त्यांना माझ्याकडून मिळालं नाही, विसर्जन घाटावर मिळालं. असरच्या नमाजनंतर ते तिकडे पाय मोकळे करायला जातात. तिथे कोलशेत गावठाणातले एक म्हातारे कोळी बसलेले असतात. अब्बा त्यांना नाखवा म्हणतात, ते अब्बांना तांडेल. एकाची बोली इथली, दुसऱ्याची रत्नागिरीची, पण भरती, सुकती, उधाण, भांग हे शब्द दोघांचे एकच. नाखवांच्या लहानपणी या खाडीत जिताडा मिळायचा, कोळंबी मिळायची, चिखलात निवट्या उड्या मारायच्या. मग कारखान्यांचं पाणी आलं, शहराचं सांडपाणी आलं, रेती काढणारे आले. आता वसई ते कल्याण जलवाहतुकीसाठी कोलशेतलाही जेटी, असं सरकारी कागदावर आहे. नाखवांचा मुलगा रिक्षा चालवतो. ही सगळी माहिती अब्बांनी मला जेवताना सांगितली आणि वर म्हणाले, "पाणी आहे, होडी नाही. आमच्याकडे उलटं होणार आहे, होड्या आहेत, मासा नाही."

अशा माणसाला माझा धाकटा भाऊ अंदमानला न्यायला निघाला.

भाऊ सोळा वर्षं मस्कतला आहे. तिथे त्याला कंपनीतल्या लोकांमुळे गळाच्या मासेमारीचा नाद लागला. सुट्टीच्या दिवशी चार जण मिळून बोट भाड्याने घेतात, पहाटे निघतात, मोठाले मासे पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. त्याचा निरोप आला: "भाई, जानेवारीत येतोय. अब्बांना घेऊन अंदमानला जाऊ. तीन दिवस बोट घेऊ. खर्च सगळा माझा, ठरवाठरवी तुझी." आखातातला भाऊ आणि गावाकडचा भाऊ यांच्यात कामाची ही वाटणी आमच्या बहुतेक कोकणी घरांत असते, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. अब्बांचा एक डोळा गेल्या वर्षी कमी झाला, दुसऱ्याचं ऑपरेशन झालं आहे. भावाने ते लिहिलं नव्हतं, पण निरोपात होतं.

अब्बांचा पहिला प्रश्न: "होडी कोणाची?" दुसऱ्याची. "डिझेल कोणाचं?" आपण भरलेल्या पैशातून. "मासा कोणाचा?" आता काय सांगणार? मी म्हणालो, मासा पाण्याचा. परत पाण्यातच जातो.

खेळ म्हणून समुद्रातला मोठा मासा पकडण्याची रीत तशी फार जुनी नाही. कॅलिफोर्नियासमोर सांता कातालिना नावाचं बेट आहे. तिथे 1898 साली काही हौशी लोकांनी ट्यूना क्लब काढला. दोरी केवढी जाड असावी, ओढताना दुसऱ्याचा हात लागला तर चालेल का, असले नियम त्यांनी ठरवले. पुढे 1939 मध्ये या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, ती आजही विक्रमांची वही ठेवते. त्या वहीत 1953 सालचा एक मासा आहे. पेरू देशाच्या काबो ब्लांकोला आल्फ्रेड ग्लासेल नावाच्या माणसाने 1,560 पौंडांचा काळा मार्लिन ओढला. म्हणजे सातशे किलोंच्या वर. त्याहून मोठा मार्लिन अजून कोणी नोंदवलेला नाही. मी हे सगळं अब्बांना रंगवून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सातशे किलो. गेला कितीला?"

अंदमानच का, हा प्रश्न मात्र त्यांना लगेच समजला, माझ्या आधी समजला. आपल्या किनाऱ्यासमोर जमीन पाण्याखाली अगदी सावकाश उतरते. मुंबईसमोर हा उथळ पट्टा सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो, पण खोल दर्या गाठायचा तर आपल्याकडे दिवस मोडतो. अब्बा वावांत बोलतात. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर, साधारण सहा फूट. "पाच-सहा तास लाँच हाकली तर आम्हाला चाळीस वाव पाणी मिळायचं," ते म्हणाले. अंदमानची बेटं म्हणजे पाण्यात बुडालेल्या डोंगररांगेची टोकं. म्यानमारच्या आराकान डोंगरांचीच ती पुढची ओळ. डोंगराच्या टोकावरून उतरलं की दरी, तसं बेटापासून थोडं बाहेर पडलं की शेकडो वाव पाणी. अंदमान समुद्राचा सर्वांत खोल भाग 4,000 मीटरच्याही खाली आहे. त्यामुळे ज्या माशांसाठी आपल्याला दोन-दोन दिवस जावं लागेल ते तिथे सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर असतात. पिवळ्या पंखांचा गेदर, पाठीवर शीड असलेला सेलफिश, जायंट ट्रेवली, वाहू. गेदर म्हणजे ट्यूना, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

लक्षद्वीपचाही विचार झाला. खरं तर माझं मन तिकडेच होतं. छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवर वस्ती, जवळपास सगळी मुसलमान. ते लोक ट्यूना पकडतात तो काठी आणि गळाने. जिवंत बारीक मासळी पाण्यात टाकायची, वरून पाण्याचे फवारे मारायचे, म्हणजे माशाला वाटतं पृष्ठभागावर चिवचिवाट चालला आहे. मग मागे रांगेत उभे राहून काठीच्या एका झटक्यात मासा होडीत फेकायचा. गळाला आकडा नसतो, त्यामुळे मासा हवेतच सुटतो. जाळं नाही, तळ खरवडणं नाही. मिनिकॉयला हाच मासा उकडून, धुरावर धरून, वाळवून मासमीन करतात. पण लक्षद्वीपला बाहेरच्या माणसाला प्रवेशाचा परवाना लागतो, कोचीहून जहाज किंवा छोटं विमान, आणि आमच्या तारखांना बोट, परवाना, तिकीट ह्या तिन्ही गोष्टी एकत्र येईनात. शिवाय अब्बा म्हणाले, "तिथले लोक पोटासाठी मारतात. त्यांच्या बाजूला आपण खेळायला उभं राहायचं?" ह्यावर भावाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

आता ठरवाठरवीचं. मी बँकेत आहे. मला तक्ता केल्याशिवाय काही सुचत नाही. तक्त्याची पहिली ओळ होती तारीख. अंदमानात दोन पावसाळे लागतात आणि जानेवारी ते एप्रिल दर्या बरा असतो. आपल्याकडे मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै, तिकडे पूर्व किनाऱ्याच्या हिशेबाने 15 एप्रिल ते 14 जून. रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याआधी, पहिल्या आठवड्यात, शब-ए-बरात, आणि त्या रात्री अब्बांना गावी अम्मींच्या कबरीवर जायचंच असतं. उरला जानेवारी. मी 26 तारखेच्या सोमवारची सुट्टी बघून शनिवार-रविवार जोडायच्या बेतात होतो. अब्बांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात चांद बघितला. "अमावास्या अठराला. म्हणजे पंचवीसनंतर भांग. पाण्याला ओढ कमी. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस घ्या."

बोटीचा तांडेल, ज्याला तिकडे सगळे कॅप्टन म्हणतात, फोनवर वेगळंच बोलला. त्याचं म्हणणं, पाणी जोरात वाहत असतं तेव्हाच मोठा मासा खायला वर येतो, उधाणाचे दिवस चांगले. मी फोन अब्बांकडे दिला. दोघं हिंदीत बोलले. अब्बांची हिंदी म्हणजे बंदरावरची हिंदी. पंधरा मिनिटांनी फोन ठेवला. "पोरगा बरोबर सांगतो. पण त्याच्या होडीत माझ्या वयाचा माणूस चढला नाही कधी. भांगच घ्या." आणि जरा थांबून म्हणाले, "त्याला वारा कळतो. मी विचारलं, कळतो."

अब्बांचे बाकीचे प्रश्न मी लिहून घेतले आणि सहलीच्या कुठल्याही जाहिरातीत मला ते सापडले नाहीत. इंजिनं किती? दोन असतील तर दोन्ही एकाच टाकीवर चालतात की वेगवेगळ्या? वायरलेस आहे का, आणि तो चालू करून बघितला का? प्यायचं पाणी किती लिटर? सावली कुठे? होडीवर लघवीला जाताना हाताला धरायला काय आहे? (हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. दर्यात पडून गेलेल्या माणसांमधले किती जण असे गेले हे बंदरावर विचारा.) त्यात मी एकच भर घातली, तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर तिघांच्या फोनमध्ये घातला.

कुठे जायचं नाही याचीही यादी होती. वांडूरजवळचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान 1983 पासूनचं आहे, तिथे मासेमारी बंद. निकोबारला बाहेरच्या पर्यटकांना परवानगी नाही. आणि उत्तर सेंटिनेल बेटाच्या भोवती पाच सागरी मैलांच्या आत कोणी जायचं नाही. 2018 मध्ये एक अमेरिकन तरुण तिथल्या मच्छीमारांना पैसे देऊन त्या बेटावर गेला आणि मारला गेला. त्याला नेणारे मच्छीमार पुढे पकडले गेले. अब्बांना त्या तरुणापेक्षा मच्छीमारांचं वाईट वाटलं. "भाडं दिलं की होडीवाल्याने नाही म्हणायचं नसतं, असं भाडं देणाऱ्याला वाटतं," ते म्हणाले. मी ते आमच्या सहलीपुरतं नीट ऐकून ठेवलं.

भांडण झालं ते मासा सोडण्यावरून. शुक्रवारी भावाला सुट्टी असते, व्हिडिओवर सगळे बसलो होतो. अब्बा म्हणाले, "खायचा नाही तर पकडायचा कशाला? त्याच्या तोंडात गळ घालायचा, अर्धा तास ओढायचा, तो दमला की फोटो काढायचा. ही मस्करी झाली जिवाची." भाऊ म्हणाला, सोडला तर तो जगतो, पिल्लं घालतो, पुढच्या माणसाला मिळतो. एका मोठ्या माशामागे बोटवाला, हॉटेलवाला, टॅक्सीवाला असे दहा जण जगतात, तोच मासा बाजारात एकदाच विकला जातो. इथवर ठीक होतं. मग तो म्हणाला, "तुम्ही ट्रॉलरवाल्यांनी तर तळ झाडून नेला, अब्बा. तेव्हा कोणाच्या जिवाची मस्करी होती?"

अब्बा उठून बाल्कनीत गेले. भावाने थोडा वेळ वाट बघितली आणि फोन बंद केला.

रत्नागिरीत हा विषय नवा नाही. आधी ट्रॉलरविरुद्ध पारंपरिक होड्या, मग पर्ससीनविरुद्ध बाकी सगळे. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्राने 2016 मध्ये बंधनं आणली, दिव्यांच्या उजेडात मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, आणि तरी रात्री दर्यात उजेड दिसतो अशी तक्रार गावाकडून येतच असते. पण ही भांडणं जेटीवरची, पेपरातली. आमच्या घरात ती कोणी बापाला विचारली नव्हती. आम्हा दोघा भावांची शिक्षणं त्याच ट्रॉलरच्या वाट्यावर झाली. तांडेल असला तरी अब्बा वाट्याचेच धनी. विक्री झाली की डिझेल-बर्फ वजा, मग मालकाचा हिस्सा, आणि उरलेल्यात सगळे. तीन दिवसांच्या त्या अंदमानच्या बोटीचं भाडं अब्बांच्या एका अख्ख्या हंगामाच्या वाट्याहून जास्त आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना ते माहीत असावं.

जुम्याच्या दिवशी राबोडीत मौलानांना मी विचारलं. दर्यातला मासा हलाल, त्याला जबिहा लागत नाही, हज-उमऱ्याच्या एहराममध्ये जमिनीवरची शिकार मना आहे तरी दर्यातली चालते, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. पण खेळ म्हणून? मौलाना म्हणाले, जिवंत प्राण्याला निशाणा करून खेळू नये, विनाकारण मारलेली चिमणीसुद्धा कयामतच्या दिवशी फिर्याद करील, असं हदीसमध्ये आहे. खाण्यासाठी पकडत असाल तर ती शिकार. नुसतं खेळायला पकडत असाल तर तुमच्या मनाला विचारा. मग हसून म्हणाले, "तुम्ही कोकणी लोक, दर्याचे मसले तुम्हीच आम्हाला सांगायचे." त्यात तथ्य आहे. आम्ही शाफई. भटकळचे नवायत, केरळचे मापिळा, लक्षद्वीपचे लोकही शाफई. अरबांची गलबतं ज्या किनाऱ्यांना लागली तिथे हा मजहब रुजला, आणि पाण्यातल्या जिवांच्या बाबतीत तो हनफींपेक्षा सैल आहे. माझी बायको सोलापूरची, हनफी. लग्नानंतर पहिल्यांदा शिंपल्यांचं कालवण बघून तिने जो चेहरा केला होता तो आमच्या घरात अजून नक्कल करून दाखवतात.

भांडणाला चार दिवस झाल्यावर अब्बा स्वतःच बोलले. मला नाही, भावाला. मला फोन लावायला सांगितला आणि समोर बसले.

"तू म्हणालास ते खरं आहे," ते म्हणाले. "जाळं वर आलं, खोला सोडला, की निम्मी मासळी बोटभर. तिला भाव नाही. खताला जायची, नाहीतर फावड्याने परत पाण्यात. ती परत टाकलेली जगते का? नाही जगत. तेव्हा सोडलं म्हणजे जगलं, असं मला सांगू नको. मी सोडलेल्या मेलेल्या मासळीवर पाखरं बसलेली बघितली आहेत."

मग ते तळाच्या माशाबद्दल बोलले. गोबरा, तांबोशी हे खोल खडकात राहणारे मासे. तीस-चाळीस वावांतून भरकन वर ओढला तर माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, पोटातलं तोंडातून बाहेर पडतं. असा मासा सोडला तर तो खाली जाऊच शकत नाही. उताणा तरंगतो आणि मरतो. गेदर किंवा सेलफिश वरच्या पाण्यात पळणारा. तो पटकन ओढला, हवेत फार धरला नाही, गळ बिनआकड्याचा असला, तर पाण्यात डोकं घातल्याबरोबर शेपूट मारून जातो.

"म्हणून असं करा," अब्बा म्हणाले. "तळाचा पकडाल तो खायचा. दिवसाला एक, फार तर दोन, आणि होडीवरच्या पोरांसकट सगळ्यांनी खायचा. मग तळाला गळ टाकायचा नाही. वरचा पकडाल तो सोडायचा, पण दमवून नाही. जाड दोरी घ्या. लवकर ओढा. फोटो पाण्यातच काढा."

भाऊ म्हणाला, "जाड दोरीने मजा येत नाही, अब्बा."

"तुझी मजा बारीक कर, दोरी जाड ठेव."

मी नंतर बघितलं. मासे सोडणाऱ्यांसाठी जाणकार जे नियम सांगतात त्यात हेच आहे. खोलातून आणलेला मासा फुगतो, त्याला खाली पोचवायला वजन बांधलेली खास साधनं निघाली आहेत. बिनआकड्याचा गळ, मासा पाण्याबाहेर कमीत कमी वेळ, आणि मासा दमून मरू नये म्हणून पुरेशी मजबूत दोरी. कॅप्टनला मी अटी कळवल्या. तो म्हणाला, बिनआकड्याचे गळ आमच्याकडे असतातच, पण दिवसाला एकच मासा खायचा आणि तोही माझ्या माणसांबरोबर, हे पहिल्यांदा ऐकतोय. अब्बांनी आणखी एक मागितलं होतं. त्यांना काठी धरायची नाही, त्यांना तांडेलाच्या शेजारी उभं राहायचं आहे, आणि पाणी मोकळं असेल तिथे थोडा वेळ चाक हातात. "थोडा वेळ मिळेल, मी बाजूला असेन," कॅप्टन म्हणाला. अब्बांना 'थोडा वेळ' एवढंच सांगितलं.

याच दिवसांत मी त्यांना पुलंचं 'एका कोळियाने' वाचून दाखवत होतो. हेमिंग्वेच्या 1952 सालच्या कादंबरीचा तो अनुवाद, 1965 मध्ये आलेला. हेमिंग्वे स्वतः हौशी शिकारी, पिलार नावाची बोट बाळगून होता, पण गोष्ट त्याने लिहिली ती चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेल्या गरीब म्हाताऱ्या कोळ्याची. अब्बांना म्हातारा आवडला. हाताला दोरीने कापतं ती जागा मी दोनदा वाचली. पण त्यांची एक तक्रार शेवटपर्यंत राहिली. एवढा जाणता माणूस, दर्यात एकटा गेलाच कसा? त्याच्याकडचा पोरगा आईबापांनी दुसऱ्या होडीवर पाठवला, तर म्हाताऱ्याने त्यांच्या दारात जाऊन बसायला हवं होतं. "दर्यात दोन हात कमी पडतात. हे पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत होतं, म्हाताऱ्याला माहीत नव्हतं?"

बोटीवर चार जणांची जागा आहे. चौथी जागा भावाच्या मस्कतच्या मित्राला द्यायची असं जवळपास ठरलं होतं. माझी मुलगी आठवीत आहे. कोपऱ्यात बसून ती पुस्तक ऐकत होती. अब्बांनी तिच्याकडे बघून विचारलं, "तुला पोहता येतं ना?" सोसायटीच्या तलावात येतं. "उलटी होईल. झाली तर झाली." आमच्या बंदरावर बाईमाणसाने मासेमारीच्या होडीवर पाय ठेवू नये असं मानायचे. जेटीवर टोपल्या उचलायला, मासळी निवडायला, विकायला मात्र सगळ्या बायकाच. मी अब्बांना ते आठवून दिलं. ते म्हणाले, "ती मालकाची होडी होती. इथे आपण पैसे भरले आहेत." माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, मग पाचवी जागा का नाही? तिला उत्तर द्यायला कोणी पुढे आलं नाही. शेवटी असं ठरलं की ती पोर्ट ब्लेअरपर्यंत येणार. (त्याचं सरकारी नाव 2024 पासून श्री विजयपुरम आहे, पण विमानाचं तिकीट काढताना आपण सगळे जुनंच नाव टाइप करतो.) आम्ही दर्यात असू तेव्हा ती सेल्युलर जेल बघणार आणि 1857 नंतर काळ्या पाण्यावर पाठवलेल्या, 1861 मध्ये तिथेच वारलेल्या फज्ले हक खैराबादींच्या मजारवर जाणार. मला विचाराल तर तिची सहल आमच्यापेक्षा चांगली आहे.

तक्त्यात आता बऱ्याच ओळी भरल्या आहेत. मुंबईहून चेन्नई, चेन्नईहून पुढे. डॉक्टरांनी अब्बांचा रक्तदाब बघून हो म्हटलं, डोळ्यांना उन्हाचा चष्मा लावायला सांगितला. मळमळीच्या गोळ्या माझ्यासाठी आणि मुलीसाठी. नमाजच्या वेळा वेगळ्या काढल्या, कारण घड्याळ तेच असलं तरी ती बेटं आपल्याहून इतकी पूर्वेला आहेत की मगरीब ठाण्यापेक्षा तासभर आधी होते, साडेपाचच्या आतच. कॅप्टन त्याआधी किनाऱ्याला लागतोच. शाळेला मुलीच्या चार दिवसांच्या रजेचा अर्ज गेला आहे. कारणाच्या रकान्यात तिने 'आजोबांबरोबर दर्या' असं लिहिलं होतं, ते तिच्या आईने खोडून 'कौटुंबिक' केलं.

नाखवांना अब्बांनी बेत सांगितला. त्यांनी भाडं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, तिकडे पाण्याचा रंग कसा असतो. अब्बा म्हणाले, येऊन सांगतो.

मागच्या आठवड्यात गावाहून चुलतभाऊ आला, तो अब्बांची जुनी गरी घेऊन आला. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेला हाताचा दोर, शिशाची वजनं, आणि गऱ्या, त्यातल्या तीन गंजलेल्या. तळाचा एक मासा खायचा आहे तो ह्याच्यावर, असं अब्बांनी ठरवलं आहे. काठी-चक्र भाऊ वापरू दे. शिशाचंच वजन किलोभर आहे आणि विमानात सामान पंधरा किलो. गळ हातातल्या पिशवीत चालत नाहीत, खालच्या सामानात द्यावे लागतात, हे मी सांगितलं. अब्बांनी दोन संध्याकाळी बसून प्रत्येक गरीचा आकडा कानशीने घासून काढला, एकेक जुन्या चपलेच्या रबरात टोचली आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवली. डबा खालच्या बॅगेत जाईल. दोर मात्र हातातच राहणार, असं ते म्हणतात. चालतो का ते विचारून घ्यायला हवं.